मागचा गळा

"ताई, मागचा गळा या वेळी बंदच करू का?"

वहिनींच्या ओठांत दोन टाचण्या होत्या, त्यामुळे शब्द जरा चावूनच बाहेर आले. मी पाठमोरी उभी होते, दोन्ही हात अंगापासून थोडे लांब धरून, माप देताना उभं राहतात तशी. टेपचं गार टोक माझ्या मानेखाली टेकलं आणि तिथंच थांबलं. एरवी त्या भराभर आकडे सांगत जातात, खांदा, मुंढा, छाती, कंबर, आणि त्यांची मुलगी वहीत उतरवून घेते. या वेळी मध्येच काही क्षण रिकामे गेले आणि मग हा प्रश्न आला. मी म्हटलं, "का हो?" तर म्हणाल्या, "नाही, सध्या बंद गळ्याची फॅशन आहे ना. काठही छान बसेल पाठीवर." मी "करा" म्हणाले. अकरा वर्षं त्यांच्या वहीत माझ्या नावापुढे 'मा. ग. ७' असं लिहिलेलं आहे. मुलीनं सातावर काट मारली आणि शेजारी 'बंद' लिहिलं.

मंडईतून मेथीची जुडी घेऊन निम्म्या वाटेवर आले तेव्हा लक्षात आलं की या बाईचा फॅशनवर काडीचा विश्वास नाही. साधं लटकन लावा म्हटलं तरी नाक मुरडतात, 'धुताना लोंबतं' म्हणतात. मग हे काय होतं? आणि तेव्हाच दुसरी गोष्ट लक्षात आली. मेथीची पिशवी माझ्या डाव्या हातात होती आणि उजवा हात मानेवर होता. तो तिथं कधी गेला, किती वेळ होता, मला काही ठाऊक नव्हतं. बोटं आपलं काम करत होती. भर रस्त्यात, साताऱ्यातल्या पोवई नाक्याच्या सिग्नलला, चारचौघांत, मी मान खाजवत उभी होते आणि माझ्याखेरीज बहुतेक सगळ्यांना ते दिसत होतं.

स्वतःची मान माणसाला दिसत नाही. घरी आल्यावर मुलाला म्हटलं, फोनवर फोटो काढ बघू मागून. त्यानं काढला, बघितला, आणि फोन माझ्या हातात देताना काहीच बोलला नाही. एरवी हा मुलगा प्रत्येक गोष्टीवर बोलतो. मानेचं हाड जिथं बोटाला लागतं त्याच्या जरा उजवीकडे एक चट्टा होता. काळपट, किंचित जांभळा, चकाकणारा. पूर्वी पाच रुपयांचं जाडजूड नाणं असायचं ना, तेवढा. कातडीवरच्या बारीक रेषा तिथं ठळक झाल्या होत्या, आंब्याच्या खोडासारख्या. फोटो मोठा करून पाहिला आणि पटकन बंद केला. वहिनींनी हा चट्टा किती महिने पाहिला असेल? दिवाळीच्या ब्लाउजच्या वेळी तर नसेल? आणि त्यांनी मला न दुखवता तो झाकायची सोय केली होती, याचा राग आला की बरं वाटलं, हे मला अजूनही धड सांगता येत नाही.

भाचीचं लग्न मे महिन्यात होतं. बंद गळ्याचा ब्लाउज अस्तरासकट. कार्यालयात चार पंखे आणि तीनशे माणसं. अक्षता पडेपर्यंत मानेवरून घामाची धार उतरली आणि त्या चट्ट्यावर कुणी मुंग्या सोडल्यासारखं झालं. भाचीच्या सप्तपदीतलं एकही पाऊल मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी हॉलच्या मागच्या खांबाला पाठ लावून उभी होते आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून मान खांबावर घासत होते. म्हशी घासतात तशी.

त्याआधी मी काहीच केलं नव्हतं असं नाही. औषधाच्या दुकानात जाऊन "खाजेचं काहीतरी द्या" म्हणाले होते आणि दुकानदारानं न बघता एक ट्यूब पुढे केली होती. पहिले चार दिवस चमत्कार. खाज गायब. पाचव्या दिवशी लावायला विसरले तर दुप्पट. मग पुन्हा ट्यूब. असे मी तीन महिने काढले. आपल्याकडे याला फार सोयीचा शब्द आहे: अंगावर काढणं. दुखणं अंगावर काढलं, ताप अंगावर काढला. माझ्या आईनं गर्भाशयाचं दुखणं सहा वर्षं अंगावर काढलं आणि नातेवाईक ते कौतुकानं सांगायचे. जणू अंग ही एखादी भिंत आहे आणि तिच्यावर काय काढायचं, रांगोळी की दुखणं, हे घरातल्या बाईनं ठरवायचं.

शेवटी जूनमध्ये त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टर माझ्या वयाच्या, पन्नाशीच्या अलीकडच्या. त्यांनी चट्टा बघितला, ट्यूब बघितली, ट्यूबवरची बारीक अक्षरं चष्मा वर करून वाचली आणि एक उसासा टाकला. त्यात स्टेरॉइड होतं, बुरशीचं औषध होतं आणि अँटिबायोटिकही होतं. एका बाणात तीन पक्षी, आणि मला बुरशी झालेलीच नव्हती. "लायकेन सिम्प्लेक्स क्रॉनिकस," त्या म्हणाल्या. मी घाबरले. "घाबरू नका, नावच मोठं आहे. पूर्वी न्यूरोडर्मटायटिस म्हणायचे. कुठल्याही कारणानं आधी थोडी खाज सुटते, माणूस खाजवतो, खाजवल्यानं कातडीचा दाह वाढतो, दाहानं पुन्हा खाज. चक्र. मान, घोटा, कोपराखालचा हात, जिथं जिथं हात सहज पोचतो तिथंच होतं हे." मग त्यांनी विचारलं, जास्त कधी खाजतं. मी म्हटलं, रात्री. "रात्री काय करत असता?"

मी म्हणाले, "कडी ऐकत असते."

हे सांगायला हवं. माझ्या सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि गेली तीन वर्षं त्यांची आठवण एकेक खोली रिकामी करत चालली आहे. दिवसा त्या शांत असतात, खिडकीत बसतात. रात्री दीड-दोनच्या सुमाराला उठतात आणि घरी जायला निघतात. घर म्हणजे कोरेगावजवळचं त्यांचं माहेर, जे पडून तिथं आता दुसऱ्याच कुणाचा बंगला उभा आहे. एकदा त्या कडी काढून जिन्यापर्यंत पोचल्या होत्या, अनवाणी. तेव्हापासून मी झोपते म्हणजे फक्त डोळे मिटते. नवरा एमआयडीसीत, महिन्यातले दोन आठवडे रात्रपाळी. मी हॉलमध्ये दिवाणावर पडते, एका कुशीवर, एक कान दाराकडे. कडी वाजली की उठायचं, "आई, पहाटे जाऊ, आत्ता एसटी नाही" म्हणायचं आणि त्यांना परत आणायचं. त्या मला ओळखत नाहीत. मला 'वन्सं' म्हणतात, त्यांच्या नणंदेला म्हणायच्या तसं, आणि वन्संचं आणि त्यांचं कधी पटलं नव्हतं असं ऐकून आहे. तर या ऐकत पडण्याच्या तासांमध्ये माझा हात कुठं असतो, हे डॉक्टरांनी विचारेपर्यंत मी कधी बघितलंच नव्हतं.

त्या रात्री बघितलं. मानेवर होता.

डॉक्टरांनी लिहून दिलं ते मलम पुन्हा स्टेरॉइडचंच होतं, पण मोजून. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेवढं बसेल त्यापेक्षाही कमी, रात्री एकदा, त्यावर पट्टी, आणि ठरलेल्या दिवसांनी बंद. नखं कापायची, अगदी मुळापर्यंत. मानेवर कडकडीत पाणी ओतायचं नाही. हे मला सगळ्यात जड गेलं. गरम पाण्याचा तांब्या त्या चट्ट्यावर ओतला की जे काही व्हायचं त्याचं वर्णन चारचौघांत करण्यासारखं नाही, इतकं सुख होतं त्यात. पण त्या सुखाची वसुली तासाभरानं व्हायची. आणि आंघोळीत अंग वज्रीनं घासायची माझी लहानपणापासूनची सवय, तीही बंद. कातडीवर तेलकट असा एक पातळ थर असतो, तो भिंतीच्या गिलाव्यासारखा बाहेरचं बाहेर आणि आतलं पाणी आत ठेवतो, आणि आपण स्वच्छतेच्या नावाखाली रोज तो खरवडून काढतो, असं त्या म्हणाल्या. आंघोळीनंतर अंग टिपायचं, पुसायचं नाही, आणि ते ओलसर असतानाच तेल किंवा साधं मलम लावायचं. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं, हिशेबनीस आहे शेवटी. मग त्यांनी जाता जाता ते वाक्य म्हटलंच. "आणि टेन्शन घेऊ नका."

घेऊ नका! जणू ते किराणा दुकानात मिळतं आणि मी यादीत लिहून जाते. अर्धा किलो रवा, तुरीची डाळ, टेन्शन. 

खरं तर त्या बाईंबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मला हसू आलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मी एका पतसंस्थेत नोकरी करते, थकबाकीच्या टेबलावर. लोक येऊन काय काय बोलून जातात. सुरुवातीला मी घरी येऊन रडायचे, तेव्हा आमचे साहेब समजुतीनं म्हणाले होते, "मॅडम, या टेबलावर कातडी जाड लागते. होईल हळूहळू." आणि आता डॉक्टर मला समजावत होत्या की सतत घासलं, खाजवलं की कातडी स्वतःला वाचवण्यासाठी जाड होत जाते, थरावर थर चढवते. म्हणजे साहेबांचं म्हणणं मी फारच मनावर घेतलं होतं. फक्त सगळ्या अंगाची करायची सोडून नाण्याएवढ्या जागेची झाली, आणि तीही नेमकी मला न दिसणाऱ्या ठिकाणी.

मनावर घेणं, मनाला लावून घेणं. मराठीत मनालाही मलमासारखं काहीतरी लागतं. आणि अंगाच्या बाबतीत तर आपली भाषा डॉक्टरांच्या फार पुढे आहे. अंगाचा तिळपापड होतो, अंगाची लाही लाही होते, अंगावर काटा येतो, एखादी गोष्ट अंगाशी येते, एखादी अंगवळणी पडते. चांगलंचुंगलं खाल्लेलं अंगी लागतं. काळजीनं माणसाचा चेहरा उतरतो, कुठून उतरतो आणि कुठं जातो कोण जाणे. हे सगळं आपण दिवसभर बोलत असतो आणि तरी मानेवर चट्टा उठला की दुकानातून बुरशीची ट्यूब आणतो.

आजीला बुरशीचं सुचलं नसतं. दहावीच्या गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री माझ्या अंगावर पित्त उठलं होतं. आधी पोटावर, मग मांड्यांवर, मग पापण्यांवर सुद्धा. लालभडक गांध्या, कडा उचललेल्या, नकाशातल्या देशांसारख्या. एक विरते तोवर दुसरी. आजीनं वाटीत आमसुलं भिजत घातली, हातानं कुस्करली आणि तो गार, आंबट वासाचा, जांभळट कोळ माझ्या अंगाला लावत बसली. परकराचा चुरगळलेला काठ, पाठीवरून ओघळणारं पाणी, माजघरातला चाळीसचा पिवळा दिवा. तिनं "अभ्यास झाला का" विचारलं नाही. "घाबरू नको" सुद्धा म्हणाली नाही. मध्येच एकदा फक्त म्हणाली, "परवा संपतील ना गं तुझे पेपर?" म्हणजे तिला कळत होतं. आज मी वाचलंय की अशा वेळी कातडीतल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, त्यानं बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि गांधी फुगते, आणि एकेक गांधी बहुधा चोवीस तासांच्या आत आपोआपच विरते. तेव्हा आमसुलानं पित्त गेलं की ते जायचंच होतं, हे आता कोणी सांगावं. गार पाण्यानं खाज मंदावते हे मात्र खरं आहे. आणि कुणीतरी तासभर आपल्या पाठीवर हात फिरवत बसलंय, याचंही काहीतरी मोजमाप असणारच की.

ते असतं, असं पुढे कळलं. कडी ऐकत पडल्यावर हात मानेवर जाऊ नये म्हणून मी हातात फोन धरायला लागले होते. (हा उपाय डॉक्टरांना सांगितलेला नाही.) वाचता वाचता पहिल्यांदा हे समजलं की गर्भात कातडीचा वरचा थर आणि मेंदू-मज्जातंतू एकाच पदरातून तयार होतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्या पदराचा एक पट्टा आत वळून नळी होते, तिचा मेंदू आणि मज्जारज्जू होतो. बाहेर राहिलेल्याची कातडी होते. चुलत नव्हे, सख्खी भावंडं. एक आत गेलं, एक बाहेर राहिलं, आणि जन्मभर दोघांचा पत्रव्यवहार चालू. आतल्याला धास्ती बसली की कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, बाहेरच्याचा तो गिलावा दुरुस्त व्हायला वेळ लागतो. कातडीतल्या मज्जातंतूंची टोकं अशी रसायनं सोडतात की झोपलेल्या मास्ट पेशी जाग्या व्हाव्यात. रात्री तर सगळंच जुळून येतं. अंग जरा गरम असतं, दाह आवरणारं कॉर्टिसोल कमी झालेलं असतं, आणि मन रमवायला काही नसतं.

मग एका रात्री १९९५ सालचा एक अभ्यास सापडला. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांचा, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला. त्यांनी १३ बायका निवडल्या, घरातल्या स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या. आणि त्याच वयाच्या, तशाच उत्पन्नाच्या, पण असं काही करावं न लागणाऱ्या आणखी १३. प्रत्येकीच्या हातावर मुद्दाम ३.५ मिलिमीटरची छोटी जखम केली आणि ती भरेपर्यंत दिवस मोजले. दुसऱ्या गटाची जखम सरासरी ३९.३ दिवसांत भरली. शुश्रूषा करणाऱ्यांची ४८.७ दिवसांत. मी पहाटे तीन वाजता दिवाणावर उठून बसले आणि वजाबाकी केली. नऊ दिवस आणि वर थोडे. सव्वीस बायकांवरून जगाचा ताळेबंद मांडू नये एवढं मला कळतं. पण त्या तेरा जणींचं मला विलक्षण अप्रूप वाटलं. कोण असतील? त्यांच्या घरांना कडी असेल का साखळी? कुणी कुणाला कुठल्या नणंदेच्या नावानं हाक मारत असेल? आणि हातावरच्या त्या टिकलीएवढ्या जखमेनं न बोलता सांगून टाकलं, की यांचे नऊ दिवस कुठंतरी खर्च झालेत.

त्या वाचण्यानं खाज कमी झाली नाही. उलट दया आली स्वतःची, आणि स्वतःची दया येणं हे खाजेसारखंच असतं. सुरू झालं की थांबवत नाही.

कमी झाली ती तेलानं, पण माझ्या मानेला लावलेल्या नव्हे. पावसाळ्याच्या सुरुवातीला सासूबाईंच्या नडग्यांवरची कातडी फुटायला लागली होती. म्हातारपणाची कातडी बघितलीत का कधी जवळून? माझ्या मानेवरच्या नेमकी उलट. पिकल्या केळीच्या पानासारखी, दाबली तर दुमडेल आणि तशीच राहील. खाली निळ्या शिरा. पलंगाला नुसता धक्का लागला तरी जांभळं होतं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं म्हणून मी रात्री जेवणानंतर त्यांना खोबरेल लावायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी मी ते काम म्हणून केलं, भांडी घासतात तसं, खसाखसा. त्यांनी पाय आखडून घेतला. "वन्सं, हळू," म्हणाल्या. म्हणून हळू केलं. तळव्यात तेल घेऊन दोन्ही हात एकमेकांवर ठेवले, ते कोमट झालं, मग कोपरापासून मनगटापर्यंत एक हात नेला, अगदी सावकाश, जवळजवळ काही होतच नाहीये इतका. त्यांनी डोळे मिटले. बाहेर पाऊस लागला होता, पन्हाळीचं पाणी खालच्या शेडच्या पत्र्यावर पडत होतं. मी दुसरा हात घेतला. मग पाय, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. त्यांच्या डाव्या घोट्यावर गोंदलेले तीन हिरवे ठिपके आहेत, ते बावीस वर्षांत मी पहिल्यांदा पाहिले. वीसेक मिनिटं झाली असतील. उठताना लक्षात आलं की या वीस मिनिटांत माझा हात एकदाही मानेवर गेला नव्हता. जाणार कसा, दोन्ही तेलानं माखलेले. पण तेवढंच नव्हतं. खाजलंच नव्हतं.

नंतर कधीतरी वाचलं की अंगावरच्या केसाळ कातडीत स्पर्शाचे एक वेगळेच तंतू असतात, मंद गतीचे. सुई टोचली, चटका बसला की तातडीची बातमी नेणारे हे नव्हेत. यांना घाई नसते. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर इतक्या संथ वेगानं, कातडीइतक्याच उबेचा हात फिरला की ते सगळ्यात जास्त जागे होतात, आणि माणसं ज्या वेगाला 'बरं वाटतंय' म्हणतात तो वेगही नेमका हाच. वेगाचं हे गणित स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ साली मोजून दाखवलं. मी सासूबाईंच्या कोपरापासून मनगटापर्यंत टेप लावून पाहिला: २३ सेंटिमीटर. माझ्या हाताला लागत होते सात-आठ सेकंद. म्हणजे सेकंदाला तीनच्या आसपास. आजीनं घड्याळ न लावता हेच केलं होतं. "वन्सं, हळू," असं म्हणणाऱ्या बाईला स्वतःचं नाव सांगता येत नाही, पण वेग बरोबर सांगता आला.

आता हे वाचून कुणाला असं वाटेल की सेवेत सगळं सुख आहे वगैरे. छे. कितीतरी रात्री मी ते तेल चिडून लावलं आहे. दिवसभर थकबाकीदारांच्या शिव्या खाऊन आल्यावर, नणंदेचा फोन येऊन गेल्यावर (खरी नणंद, पुण्याची, फोनवर 'आईला जपा हं' म्हणणारी), हात आपोआप भरभर चालायचे आणि सासूबाई पाय आखडायच्या. त्या मला विसरल्या असतील, माझा राग त्यांच्या नडगीला बरोबर कळायचा. अशा रात्री मी डबी बंद करून बाजूला ठेवते. ओला रुमाल पिळून मानेवर घेते, बाल्कनीत उभी राहते. श्वास मोजा म्हणतात, मी मोजत नाही. दिवसभर मोजणंच असतं. समोर अजिंक्यतारा किल्ल्यावरच्या मनोऱ्याचा लाल दिवा दिसतो, तो बघत राहते. रविवारी नवरा घरी असला तर सकाळी टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चढून येते, एकटी. घाम चट्ट्यात झोंबतो, तरी जाते. हे सगळं मिळून 'स्वतःची काळजी घेणं' होतं का, मला माहीत नाही. जाहिरातीतल्या बायका डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून पडलेल्या असतात तसं तर ते दिसत नाही. काकडीची मी कोशिंबीर करते.

महिन्याभरात कातडीचा वरचा थर बदलतो म्हणतात. माझ्या चट्ट्याला तेवढ्यानं भागलं नाही. जुलै गेला, अर्धा ऑगस्ट गेला. आधी जाडी उतरली, मग चकाकी गेली. खोडासारख्या रेषा पुसट झाल्या. रंग मात्र राहिला, ओला डाग वाळल्यावर भिंतीवर राहतो तसा. डॉक्टर म्हणाल्या, रंग जायला वेळ लागेल, आणि पुन्हा ओरखडलंत तर पुन्हा पहिल्यापासून. मधल्या काळात पतसंस्थेत सप्टेंबरच्या तपासणीची नोटीस आली तेव्हा दोन रात्रींत मी निम्मी कमाई घालवलीही. कडी अजून वाजते. परवा त्या दोनदा उठल्या. पण परत आणताना दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःहून हात पुढे केला, तळवा वर करून, जसं तेल मागावं. अंधारात, पहाटे पावणेतीनला, मी डबी शोधली.

गौरींसाठी साडी घेतली होती, इरकल, लाल काठाची. ब्लाउजपीस घेऊन वहिनींकडे गेले. मशिनवर कुणाचा तरी कुर्ता अर्धा अडकलेला, रेडिओ चालू, जमिनीवर चिंध्या आणि खडूची धूळ. मी पाठमोरी उभी राहिले. खांदा, मुंढा, छाती, कंबर. मग टेपचं गार टोक मानेखाली टेकलं आणि थांबलं. या वेळी मी वाट बघत होते. मुलीनं वहीतलं माझं पान उघडलं होतं. काट मारलेला सात आणि त्याच्या पुढचं 'बंद' मला आरशातून उलटं दिसत होतं.

"मागून कसा?" वहिनींनी विचारलं. फॅशनबद्दल काही बोलल्या नाहीत.

सात म्हणायचं असं मी घरून ठरवून निघाले होते. तोंडातून आलं, "पाच घ्या."

त्यांनी टाचण्या ओठांतून काढून गादीला टोचल्या. चट्टा होता तिथं अंगठा ठेवला, किंचित, कापडाचा पोत बघतात तसा, आणि उचलला. "साडेपाच घेते," म्हणाल्या, "पाच अगदीच मध्येच दिसतं." आणि मुलीकडे वळून, "लिही गं. साडेपाच."